हळू बोला, खालची निजली आहे

"काकी, उठा बघू आता. पाइप आत सोडायचाय."

"मी उठतलंय," शेवंताकाकी म्हणाल्या, "पन मगे ती पन उठतली." आणि विहिरीच्या कठड्यावर आणखी ऐसपैस बसल्या.

"ती कोण?"

"खालची. ती निजलली आसा."

भोवती जमलेलं अख्खं धामणजुवे खो खो हसलं. माझे जवान हसले. मीही हसलो. त्या गुरुवारी सकाळी त्या बेटावर कोणालाही कशाचंही हसू येत होतं. आदल्या दिवशी दुपारी चक्रीवादळ बेटावरून गेलं होतं आणि एकशे त्रेचाळीस माणसांपैकी एकशे त्रेचाळीस जिवंत होती. शाळेचे पत्रे उडू नयेत म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्यावर मासेमारीची जाळी टाकली होती, जाळ्यांचे दोर खिडक्यांतून आत घेतले होते आणि साडेतीन तास त्यांनी आणि वादळाआधीच बेटावर उतरलेल्या माझ्या तुकडीने मिळून ते धरून ठेवले होते. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला वारा, अशी ती रस्सीखेच. वारा हरला. बाहेर येऊन पाहिलं तर भरत तारकरचा फ्रीज किनाऱ्यावर वाळूत ताठ उभा होता. त्याचं दार वाऱ्याने उघडत होतं, मिटत होतं आणि आत भाजीच्या कप्प्यात एक खेकडा बसला होता. तेव्हापासून जे हसू सुटलं ते थांबायला तयार नव्हतं. पडलेल्या घराची भिंत दाखवताना माणसं हसत होती. मीठ लागून तडकलेले ओठ दुखायचे, तरी हसत होती.

याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. शिरोळकडच्या एका दूध संघात रसायनतज्ज्ञ होतो आणि वर्षातले दोन महिने प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट. आमच्या तुकडीत मी धरून एकोणीस जण. त्यांत कोणी पीटीचा शिक्षक, कोणी टेम्पोवाला, कोणी मंडप घालणारा. बोलावणं आलं की दुकानाचं शटर ओढायचं आणि गणवेश चढवायचा. हवालदार भरमा खोत इचलकरंजीत मोटारी रिवाइंड करायचा. त्याचा दहा हॉर्सपॉवरचा डिझेल पंप त्याने होडीतून आणताना मांडीवर घेतला नाही एवढंच.

"साहेब," भरमा माझ्या कानाशी येऊन म्हणाला. त्याचं कानाशी बोलणं दोन घरांपलीकडे ऐकू जायचं, जन्मभर इंजिनाच्या आवाजावर बोलण्याची सवय. "महापुरात तीनशे चाळीस हिरी उपसल्यात आपण. घाण पाणी काढायचं, तळ दिसला की थांबायचं, रातभरात नवं पाणी येतंय. ह्यात निजायचं-उठायचं काय हाय?"

त्याचं खरं होतं. कृष्णेच्या पुरानंतर आम्ही नेमकं तेच केलं होतं, आणि लोकांनी आम्हाला फेटे बांधले होते. इथे वादळात समुद्र विहिरीच्या कठड्यावरून आत गेला होता. माझ्याकडे दूध संघातून उचललेला टीडीएस मीटर होता, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा, पेनाएवढा. विहिरीतल्या पाण्याचा आकडा चार हजार आठशे. दोन हजारांच्या वर पाणी पिण्याजोगं धरत नाहीत. आम्ही आणलेले पाण्याचे साठ जार शनिवारपर्यंत पुरणार होते.

आणि शनिवारचंच काय ते भय होतं. नायब तहसीलदार पेडणेकर मॅडम वायरलेसवर स्पष्ट बोलल्या होत्या, "शनिवारी तीन लाँच घेऊन येते. पाणी चांगलं असेल तर लोक राहतील. नसेल तर सगळ्यांना चार दिवसांसाठी किनाऱ्यावरच्या छावणीत आणू. पाण्याचा दाखला तुम्ही द्यायचा."

मी हे गावाला सांगितलं तेव्हा हसणं पहिल्यांदा थांबलं. सगळे फक्त खाडीपलीकडे बघायला लागले. तिकडे काळेजुवे होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या माणसांना असंच वादळानंतर चार दिवसांसाठी हलवलं होतं. मग तिथली शाळा बंद झाली, विजेची तार काढून नेली, रेशनकार्डं किनाऱ्यावरच्या गावांत गेली. आता तिथे बिनछपराच्या भिंती होत्या आणि भिंतींवर पाणकावळे.

म्हणून पंप. म्हणून घाई.

"काकी, हे शिकलेले आसत," भरत तारकर म्हणाला. तो त्यांचा जावई. "तुमची करटी आता कोण वापरता?"

शेवंताकाकी त्या बेटावर एकट्याच अशा होत्या की विहिरीत कधी घागर बुडवायच्या नाहीत. लांब काठीला नारळाची करवंटी बांधलेली, तिने वरवरचं पाणी घ्यायचं आणि विहिरीवर असताना मोठ्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी दोर-बादली केव्हाच धरली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, हसणाऱ्या गावाकडे पाहिलं. मग त्याही हसायला लागल्या आणि उठल्या.

भरमाने हँडल मारलं. पंपाच्या तोंडातून पाण्याचा जाड लोट निघाला तेव्हा टाळ्या पडल्या, कोणीतरी शिट्टी मारली, मंडपवाल्या जवानाने त्या पाण्यात दोन उड्या मारून घेतल्या. मी दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगत होतो.

"चार हजार दोनशे."

टाळ्या.

"तीन हजार नऊशे. तीन हजार सहाशे."

"साहेब, जेवायच्या आत दोन हजारावर आणतो," भरमा ओरडला.

"तीन हजार सहाशे," मी पुन्हा म्हणालो. "चार हजार शंभर."

मीटर पुसला. पुन्हा बुडवला. पाच हजार दोनशे.

"तळचा गाळ हलला आसंल," भरमा म्हणाला आणि पंप वाढवला.

सात हजार. नऊ हजार. टाळ्या वाजवणारे आता आकडा ऐकून एकमेकांकडे बघत होते, पण हसूही पूर्ण गेलं नव्हतं. नऊ हजार म्हणजे चांगलं की वाईट, हे कित्येकांना ठाऊक नव्हतं आणि एकाने चुकून टाळी वाजवलीही.

मी मात्र पंपाकडे बघत उभा होतो आणि मला दूध दिसत होतं. खरंच. मोठ्या पातेल्यात तापवून ठेवलेलं दूध आणि वर साय. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते शेकडा अडीचने हलकं असतं. एवढ्याशा फरकावर असं सगळं बेट पाणी पितं. सायीची वरची पातळी वीतभर खाली गेली की खालचं खारं पाणी चाळीस वीत वर चढतं. कृष्णाकाठी विहिरीच्या खाली आणखी गोडंच पाणी असतं. इथे खाली समुद्र होता. आम्ही सायीतून नळी खुपसून तळाचं ओढत होतो.

"बंद कर," मी म्हणालो.

"ऑं?"

"भरमा, बंद कर."

शेवटचा आकडा अकरा हजारांचा होता.

काकी अंगणात चूल मांडून आमच्यासाठी पेज शिजवत होत्या. मी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवेना.

"काकी, चूक झाली. ती उठली."

त्यांनी पेज ढवळायची थांबवली. "कितकी उठली?"

"अकरा हजार."

काकींच्या तोंडाला पदर गेला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अकरा हजार," त्या म्हणाल्या. "तिका आकडे पन येतत?"

मग मलाही हसू आलं. असं वेळी-अवेळी हसू आल्याची मला लाज वाटत होती आणि ते थांबतही नव्हतं. भरमा मागे येऊन उभा होता, तोही फिसकला.

"तुम्ही मला थांबवलं का नाही?" मी विचारलं. "म्हणजे थांबवलंत. पण शेवटी उठलात."

"सगळी हसत होती रे झिला. माका पन हसूक येय होता. दोन दिस पोटात भीती धरून बसललंय, आनि सगळ्या गावान हसला, तर मीच एकटी कित्याक तोंड पाडून बसू?" त्यांनी विस्तव पुढे ओढला. "आनि माका वाटला, थंय झाला तसा हंय होवचा नाय."

"थंय म्हणजे?"

"काळेजुव्यार. मी थंयची. अकरा वर्सां झाली चेडवाकडे येवन."

लेक भरतला दिलेली, म्हणून त्या इकडे आल्या होत्या.

"थंय पन असोच पंप इलो होतो," काकी म्हणाल्या. "वादळाक चार दिस झाल्यार. थंयली बाव ह्या बावीपेक्षा गोड. पंप लावलानी, ती उठली. मगे साहेब इले, पानी चाखलानी, थुकलानी. कागदार लिवलानी की वादळान पानी नासला. आमी सांगलाव, तिका निजूक द्या, वर्सभर हात लावू नका, ती निजतली. पन कागदार वादळ. वादळान नासलला कोन बरा करतलो?"

भरमा पहिल्यांदा हळू बोलला. "म्हंजे ती हिर आमच्यासारख्यांनीच..."

"पेज खा," काकी म्हणाल्या.

पेज खाऊन झाल्यावर मी वाळूत काठीने बेट काढलं. समुद्र कुठपर्यंत आला होता ती रेघ काढली. मधला, सगळ्यात उंच भाग कोरडा राहिला होता. तिथे वादळाचा सगळा पाऊस मुरला होता, म्हणजे साय तिथे सगळ्यात जाड असणार. तिथे कमरेइतके झिरे खणायचे, पाणी लागलं की आणखी वीतभर, बस. खूप झिरे, प्रत्येकातून थोडं थोडं. पंप नाही, बादली नाही, करवंटी.

"बरा," काकी म्हणाल्या. "पन थंय पिच आसा."

बेटाच्या बरोबर माथ्यावर क्रिकेटची खेळपट्टी होती. भरत तारकर संघाचा कप्तान होता. सहा वर्षं तो ती रोज लाटत आला होता.

"पिच नाय खणूचा," तो म्हणाला. "बाकी खंयव खणा. माझ्या घरात खणा."

"तुझं घर पडलंय," मी म्हणालो.

"म्हनानच सांगतंय."

शेवटी काकींनी त्याला विचारलं, छावणीत राहून मॅच कोणाबरोबर खेळणार. त्याने पहिलं फावडं स्वतः मारलं, तेही बरोबर मधल्या यष्टीच्या जागी. मारताना तोंड फिरवून घेतलं होतं.

शुक्रवारी दिवसभर आम्ही नऊ झिरे खणले आणि काकींचा नियम सगळ्यांना लागू झाला. मोठ्याने बोलायचं नाही. नियमाला शास्त्रीय कारण काय, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर पाळायचं ठरवलं. विहिरीवर मी एकदा कारण न विचारता हसलो होतो, ते पुरे होतं.

आम्ही एकोणीस जण आणि शंभर-सव्वाशे गावकरी दिवसभर कुजबुजत काम करतो तेव्हा काय होतं, ते कोणी अनुभवलं नसेल तर सांगून कळणार नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये एकाला हसू फुटावं तसं ते सारखं इकडून तिकडे पळत होतं. फावडं दगडावर आपटलं की सगळे एकदम "श्श्". कोंबडा आरवला की "श्श्". पीटीचे मास्तर शिट्टी न फुंकता नुसते गाल फुगवून हुकूम देत होते. सगळ्यात हाल भरमाचे.

"साहेब," तो माझ्या कानात म्हणाला, आणि नवव्या झिऱ्यावरच्या बायका वळून "श्श्" म्हणाल्या.

"साहेब," त्याने ओठ नुसते हलवले.

"काय?"

"पाण्याला कान असत्यात व्हय?"

"माहीत नाही. तू हळू बोल."

संध्याकाळी पाचला पहिल्या झिऱ्यात पाणी निवळलं. मी मीटर बुडवला. सहाशे चाळीस. मी आकडा इतका हळू सांगितला की तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा विचारावा लागला. मग शंभरावर माणसं आवाज न करता नाचली. भरत तारकर आपल्या खणलेल्या पिचवर आडवा पडून पाय झाडत होता.

शनिवारी सकाळी आठला तीन लाँच धक्क्याला लागल्या. पेडणेकर मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, पायात गमबूट, हातात फाइल. त्या आधी थेट विहिरीवर गेल्या.

"आकडा?"

"आठ हजार सातशे," मी म्हणालो.

"मग संपलं. लोकांना सामान बांधायला सांगा."

"मॅडम, वर नऊ झिरे खणलेत. तिथे सहाशे-सातशे आहे."

"खड्ड्यातलं पाणी? आज गोडं आहे, परवा खारं झालं तर मी काय उत्तर देऊ?" चालता चालता त्यांचा आवाज चढत होता, आणि आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा तो चांगलाच चढला होता. "तुम्ही लष्करी माणसं, तुम्हाला कळायला पाहिजे की मी एकशे त्रेचाळीस लोकांना—"

"श्श्," सगळं बेट म्हणालं.

मॅडम थांबल्या. साठ बायका करवंट्या बांधलेल्या काठ्या घेऊन झिऱ्यांभोवती बसल्या होत्या आणि सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"काय आहे हे?" मॅडमनी विचारलं. कुजबुजत.

"खालची निजली आहे," मी कुजबुजलो.

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, तो त्यांनी दाबला. "फॉर्म दाखवा," त्या कुजबुजल्या.

फॉर्म मी भरून ठेवला होता. मूळ स्रोत, विहीर. आकडा, आठ हजार सातशे. नासण्याचं कारण, या रकान्यात मी लिहिलं होतं: 'आमच्या तुकडीने केलेला उपसा.'

"हे काय लिहिलंय? वादळ लिहा."

"वादळाने आकडा चार हजार आठशे केला होता. पंप लावून आम्ही अकरा हजार केला. वेळा खाली लिहिल्यात."

"असं लिहिलंत तर ते तुमच्यावर येईल. चौकशी लागेल. लष्करातलं कमिशन जाईल कदाचित."

"साहेब एकटं न्हाईत," भरमा म्हणाला, आणि या वेळी त्याला कोणी श्श् केलं नाही. "पंप माझा हाय."

"मॅडम, वादळाने नासली असेल तर कोणाच्याच हातात काही नाही," मी म्हणालो. "आम्ही नासली असेल तर ती आम्ही हात काढून घेतला की सुधारेल. परवा अकरा हजार होती, आज आठ हजार सातशे. दोन दिवसांत, नुसतं न छेडता. काळेजुव्याच्या कागदावर वादळ लिहिलं होतं. तिथेही पंपच होता."

मॅडमनी मान वर केली. शेवंताकाकी त्यांच्यासमोर येऊन उभ्या होत्या, हातात करवंटी.

"मी थंयची," काकी म्हणाल्या. "चार दिसांसाठी गेललंय."

मॅडमनी फाइल मिटली.

"माणशी वीस लिटर," त्या हळूच म्हणाल्या. "एकशे त्रेचाळीस गुणिले वीस."

"दोन हजार आठशे साठ. दहा लिटरच्या दोनशे शहाऐंशी कळश्या."

"तेवढं पाणी आज माझ्यासमोर काढा. शेवटच्या कळशीनंतर एकाही झिऱ्याचा आकडा दोन हजारांवर गेला, तर सगळे लाँचमध्ये बसतील. साडेतीनला ओहोटी लागते, त्याच्या आत."

करवंटीत अर्धा लिटर पाणी मावतं. दोनशे शहाऐंशी कळश्या म्हणजे पाच हजार सातशे वीस करवंट्या. बायका काढत होत्या, जवान कळश्या वाहत होते, भरमा बोटांनी मोजत होता. दहाला मीटरवर आठशे. बाराला अकराशे ऐंशी. दोन कळश्या पाठोपाठ घाईने काढल्या की आकडा चढायचा, काकी नुसता हात वर करायच्या आणि त्या झिऱ्यावरच्या बायका थांबायच्या, श्वास घ्यायच्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुजबुजणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही. दीड वाजता पंधराशे दहा. मॅडम कठोर चेहऱ्याने उभ्या होत्या. मग एका म्हातारीचा हात दुखायला लागला तशी त्यांनी फाइल माझ्या हातात दिली, गमबूट काढले आणि तिच्या जागी बसल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी भरमाने दोन्ही हात वर केले. दोनशे शहाऐंशी.

मी नऊ झिऱ्यांवरून फिरलो. आठ झिरे सतराशेच्या आत. नवव्याला, मॅडम स्वतः जिथे बसल्या त्या झिऱ्याला, मी दोनदा मीटर बुडवला.

"एक हजार आठशे नव्वद."

मॅडमनी मीटर हातात घेऊन स्वतः वाचला. फॉर्म मागितला, माझ्या रकान्याला हात लावला नाही, खाली लिहिलं, 'पर्यायी स्रोत योग्य. स्थलांतर नको. विहिरीवर वर्षभर उपसाबंदी', आणि सही केली. मग कोणाच्या तरी पोटातून आवाज फुटला, आणि दोन दिवस दाबलेलं सगळं हसू माथ्यावरून धक्क्यापर्यंत धावत सुटलं. माणसं पळत होती. का पळत होती, ठाऊक नाही. मीही पळत होतो.

चौकशी झाली. मला लेखी ताकीद मिळाली, भरमाला मिळाली नाही म्हणून तो वर्षभर माझ्यावर रुसला होता. विहीर दोन हजारांच्या खाली यायला चौदा महिने लागले.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतं ते त्या दिवशीचं साडेतीनचं. ओहोटी लागली आणि तीन लाँच धक्क्यावरून सुटल्या, तिन्हींच्या रिकाम्या बाकड्यांवर नारिंगी जॅकेटं घडी घालून ठेवलेली. पहिलीत एकट्या मॅडम, अनवाणी, मांडीवर काकींनी दिलेली कळशी. एकशे त्रेचाळीस माणसं काठावर उभी राहून रिकाम्या लाँचना हात हलवत होती, नावं घेऊन निरोप देत होती, "जावन या गो", "सांभाळून जा रे", जशी काय आत सगळी नातलगच बसलीत. खाडीच्या मध्यावर मॅडमनी कळशी उचलली, तोंडाला लावली, आणि आम्ही सगळे गप्प झालो. त्यांनी एक घोट घेतला. थांबल्या. मग दुसरा घेतला.

"गिळलान," भरत तारकर म्हणाला.